लांबच्या सायकल फेरीला जाताय? आधी फेरी कोणती ते ठरवा



पावसाळा संपत आला की वस्तीवस्तीतून आमच्याकडे एकच प्रश्न येऊ लागतो. "सिस्टर, यंदा पोरं दीक्षाभूमीला सायकलने जायचं म्हणतात. जाऊ द्यायचं का?" अलीकडे त्यात दुसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे. कुणाचा मुलगा नागपूरला कामाला असतो, तिथल्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये मिसळतो आणि घरी येऊन सांगतो, "मी २०० किलोमीटरची ब्रेव्हे करणार." आईला ब्रेव्हे म्हणजे काय ते ठाऊक नसते. तिला एवढेच कळते, की पोरगा पहाटे निघणार आणि रात्रीपर्यंत ट्रकच्या रस्त्यावर राहणार.

या प्रश्नाला "जा" किंवा "जाऊ नको" असे एका शब्दाचे उत्तर नाही. सायकल चालवणे चांगलेच आहे. हृदयाला चांगले, साखरेला चांगले, मनाला चांगले. पण लांबच्या फेऱ्या सगळ्या सारख्या नसतात. एकाच घरातल्या तिघांना तीन वेगळ्या फेऱ्या योग्य असू शकतात. असेच एक घर आम्ही जवळून पाहिले. त्या घराच्या संमतीने, नाव-गाव न सांगता, त्यांच्यापासूनच हा पाठ सुरू करतो.

एका घराची गोष्ट

वर्ध्याजवळच्या एका वस्तीतले घर. वडील ५२ वर्षांचे, गवंडीकाम करतात, रक्तदाबाची गोळी सुरू आहे. मुलगा तेव्हा २० वर्षांचा, अंगाने तगडा. मुलगी १५ वर्षांची, तिला लहानपणापासून सिकलसेलचा आजार. तिचे कार्ड आईने पेटीत कपड्यांच्या खाली ठेवले होते. उद्या लग्नाच्या वेळी बोलणी अडतील, ही भीती.

दोन वर्षांपूर्वी मुलगा वस्तीतल्या पोरांबरोबर दीक्षाभूमीला सायकलने निघाला. ठरले होते सावकाश जायचे, थांबत जायचे. बुटीबोरीपर्यंत तसेच झाले. पुढे कुणीतरी म्हणाले, "पाहू कोण आधी पोहोचतो." झाले, यात्रेची शर्यत झाली. ऊन चढलेले, बाटल्या रिकाम्या, आणि आधी महिनाभर कुणी धड सायकल चालवलेली नाही. काही किलोमीटरवर मुलाच्या पायांतला जोरच गेला. त्याने सायकल आडवी टाकली आणि रस्त्याच्या कडेला बसला. सोबत्यांना वाटले गोळे आले, म्हणून ते पाय चोळत राहिले. संध्याकाळी लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तेव्हा कुठे दवाखान्यात नेले. स्नायूंना इजा झाली होती आणि त्याचा भार मूत्रपिंडावर आला होता. सात दिवस भरती राहून मुलगा बरा झाला. तिथे रक्त तपासले तेव्हा कळले, की तो सिकलसेलचा वाहक आहे. बहिणीला आजार असूनही त्याची तपासणी कुणी केलीच नव्हती. तो तगडा दिसत होता ना!

यातून दोन गोष्टी शिकायच्या. पहिली, फेरी निवडण्याआधी आपले शरीर ओळखायचे. दुसरी, निवडलेली फेरी शेवटपर्यंत त्याच प्रकारची ठेवायची. ठरवताना यात्रा आणि रस्त्यावर शर्यत, असे होऊ द्यायचे नाही.

फेऱ्यांचे चार प्रकार

१. जयंतीची रॅली. १४ एप्रिलला किंवा इतर दिवशी गावातून निघते. पाच, दहा, फार तर वीस किलोमीटर. वेग चालण्याहून थोडा जास्त. यात अंतराचा धोका नसतो. धोका असतो तो उन्हाचा आणि गर्दीत पडण्याचा. एप्रिलमध्ये आपल्या विदर्भात सकाळी दहानंतर काय होते ते सांगायला नको. म्हणून अशी रॅली सकाळी लवकर काढावी.

२. मुक्कामाची किंवा थांब्यांची यात्रा. सगळे एकत्र जातात, ठरलेल्या ठिकाणी थांबतात, सामान आणि थकलेली माणसे घ्यायला मागे गाडी असते. वर्ध्याहून दीक्षाभूमी हे अंतर साधारण ७५ ते ८० किलोमीटर आहे. नाशिकचे सायकलस्वार आषाढीच्या आधी सायकलने पंढरपूरला जातात, तीही याच प्रकारची फेरी. पैसे भरून जायच्या मोठ्या सहलीही असतात. दक्षिणेतली निलगिरीची सहल २००८ पासून निघते. यात कुणी कुणाच्या पुढे जायचे नसते. सगळ्यांत हळू जो चालवतो, त्याचा वेग तोच सगळ्यांचा वेग.

३. ब्रेव्हे. हा शब्द फ्रेंच आहे. यात शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो. पण वेळेची मर्यादा असते. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २० तास, ४०० ला २७ तास आणि ६०० ला ४० तास. एकाच हंगामात हे चारही टप्पे पूर्ण करणाऱ्याला 'सुपर रॅन्डोनर' म्हणतात. नियम पॅरिसच्या संस्थेचे आहेत आणि आपल्या देशात 'ऑडॅक्स इंडिया रॅन्डोनर्स' ही संस्था ते पाहते. नागपुरातही अशा फेऱ्या होतात. वाटेत ठरलेल्या ठिकाणी ठरलेल्या वेळेत पोहोचून नोंद करावी लागते. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि अंधारात चमकणारे जाकीट लागते. महत्त्वाचे म्हणजे, मागे गाडी नसते. पंक्चर झाले तर आपणच काढायचे, भूक लागली तर आपणच ढाबा शोधायचा. या प्रकारातली सर्वांत नावाजलेली फेरी म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. अंतर सुमारे १२०० किलोमीटर, मुदत ९० तास, दर चार वर्षांनी होते. १८९१ मध्ये ती शर्यत म्हणून सुरू झाली होती.

४. अतिलांब शर्यत. पुण्याहून गोव्यापर्यंतची 'डेक्कन क्लिफहँगर' ही सहाशे किलोमीटरहून लांब असते. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी शर्यत सुमारे ४८०० किलोमीटरची आहे. एकट्याने ती १२ दिवसांत संपवावी लागते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती पूर्ण केली. आपल्या विदर्भाच्या माणसाने हे केले, याचा अभिमान वाटावाच. पण अशा शर्यतीत सायकलस्वाराच्या मागे गाड्या असतात, खाणे-पिणे, झोप आणि दुरुस्ती पाहणारी माणसे असतात, आणि त्याआधी अनेक वर्षांची तयारी असते. फोटोत एकटा माणूस दिसतो, पण तो एकटा नसतो.

निवडण्याआधी तीन प्रश्न

पत्रकावर कितीही सुंदर नाव असो, खालचे तीन प्रश्न विचारा. फेरीचा खरा प्रकार त्यातून कळतो.

पहिला, घड्याळ कुणाचे? यात्रेत घड्याळ सगळ्यांचे मिळून असते. ब्रेव्हेत घड्याळ नियमाचे असते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत म्हणजे थांबे धरून ताशी साधारण १५ किलोमीटर. ऐकायला सोपे वाटते. पण जेवण, पाणी, पंक्चर यांत दोन तास गेले, की चालत्या सायकलचा वेग ताशी साडेसतराच्या आसपास ठेवावा लागतो, तोही दिवसभर. शर्यतीत घड्याळ दुसऱ्याच्या पायात असते. तो पुढे गेला की आपण शरीराचे ऐकणे बंद करतो.

दुसरा, मागे कोण आहे? गाडी आहे का? तिच्यात कोण बसणार आहे? त्याला प्रथमोपचार येतात का? फक्त सामान वाहणारा छोटा हत्ती आणि पडलेल्या माणसाला ओळखणारी ताई, यांत फरक आहे.

तिसरा, मधेच उतरता येते का? आणि उतरल्यावर कुणी हसते का? आमच्या अनुभवात हा प्रश्न सर्वांत मोठा आहे. ज्या फेरीत उतरण्याची लाज वाटते, ती फेरी धोक्याची, मग अंतर वीस किलोमीटर का असेना.

सिकलसेल: लपवायचे नाही, सांगायचे

हा भाग नीट वाचा. आपल्या देशात सिकलसेल पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत नोंदला गेला. विदर्भात तो आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. यात कुणाचा दोष नाही, कुणाचे पाप नाही. ज्या भागांत पिढ्यानपिढ्या मलेरिया होता, तिथे सिकलसेलच्या वाहकांना गंभीर मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळाले, म्हणून हा गुण टिकला. एवढेच त्याचे कारण.

आई-वडिलांपैकी एकाकडूनच सिकलसेलचा गुण मिळाला, तर मूल वाहक होते. त्याला एएस म्हणतात. दोघांकडून मिळाला, तर आजार होतो. त्याला एसएस म्हणतात. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक, एएस होण्याची चारात दोन आणि निरोगी होण्याची चारात एक असते.

एएस माणूस सहसा आयुष्यभर ठणठणीत राहतो. त्याला सायकल चालवायला बंदी नाही. पण ऊन, शरीरातले पाणी कमी होणे आणि तयारी नसताना अचानक सगळा जोर लावणे, ही तिन्ही एकत्र आली, तर क्वचित रक्तपेशी विळ्यासारख्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो. आपल्या मुलाचे तसेच झाले. साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा कडक होतो. यात तो मऊच राहतो आणि पायातली शक्तीच जाते. अशा वेळी पाय चोळत बसू नये. लगेच थांबवावे, सावलीत न्यावे आणि दवाखाना गाठावा.

एसएस असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय लांबच्या फेरीला जाऊ नये. ऊन, पाण्याची कमतरता, अति थकवा आणि डिसेंबरातल्या पहाटेचा गारठा, यांतल्या कशानेही वेदनेचा झटका येऊ शकतो. पण "काहीच करू नको, घरात बैस" हेही आम्हाला मान्य नाही. थोडे अंतर, हळू वेग, मधे विश्रांती आणि गाडी सोबत असेल, तर डॉक्टर काही जणांना परवानगी देतात.

तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. बोटातल्या थेंबभर रक्ताची सोल्युबिलिटी चाचणी फक्त सिकल आहे की नाही, एवढे सांगते. एएस की एसएस, हे नक्की करायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची चाचणी लागते. ती पूर्ण करून घ्या. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे, त्याचा फायदा घ्या. आणि घरात एक जण एसएस निघाला, तर बाकी सगळ्यांची तपासणी करा, तगडा दिसणाऱ्याचीसुद्धा.

कार्ड पेटीत ठेवून आजार जात नाही. फेरीत सोबतच्याला माहीत असेल, तर तो वेळेत ओळखतो. लग्नाच्या वेळीही दोन्ही घरांनी कार्ड समोर ठेवले, तर पुढच्या बाळाचे दुःख टळते.

त्या घराने काय ठरवले

पुढच्या वर्षी त्या घरातल्या तिघांनाही जायचे होते. आई म्हणाली, "आता एकालाही पाठवत नाही." आम्ही सगळे त्यांच्या ओट्यावर बसलो आणि वरचे तीन प्रश्न एकेकाला लावून पाहिले.

वडिलांनी आधी रक्तदाब तपासला. चाळिशी उलटलेल्याने आणि गोळी सुरू असलेल्याने हे करायलाच हवे. गोळी फेरीच्या दिवशी बंद करायची नाही. त्यांनी थांब्यांची यात्रा निवडली आणि सगळ्यांत मागे राहायचे काम घेतले.

मुलीच्या डॉक्टरांनी थोड्या अंतराची परवानगी दिली. ती वर्ध्याहून पवनारच्या धाम नदीपर्यंत, म्हणजे साधारण ८ किलोमीटर, वडिलांच्या सोबत सायकल चालवत गेली. तिथून ती छोट्या हत्तीत बसली. नागपुरात शिरल्यावर शेवटचे थोडे अंतर पुन्हा सायकलवर आली. दीक्षाभूमीच्या दारात ती सायकल हातात धरून उभी होती. कुणीही तिला अर्धवट आली असे म्हटले नाही.

मुलाला ब्रेव्हेच करायची होती. आम्ही त्याला अडवले नाही, फक्त क्रम लावून दिला. डॉक्टरांची तपासणी, मग तीन महिने तयारी, मग यात्रा, आणि त्यानंतर हिवाळ्यात २०० ची ब्रेव्हे. तो गेला. दीडशे किलोमीटरच्या आसपास पाय जड वाटू लागले, तेव्हा तो स्वतःहून थांबला आणि मित्राला फोन केला. त्याची नोंद झाली नाही. पण लघवी स्वच्छ होती आणि तो रात्री घरी जेवला. आमच्या मते त्या दिवशी तो पास झाला. यंदा पुन्हा तयारी करतो आहे.

तयारी कशी करावी

अंतर हळूहळू वाढवा. आठवड्यातून तीनदा १०-१५ किलोमीटरने सुरुवात करा आणि दर आठवड्याला साधारण दहावा हिस्सा वाढवा. ८० च्या यात्रेआधी ५० किलोमीटर एकदा तरी आरामात झालेले असावेत. २०० आधी १०० ते १२० झालेले असावेत. ताप, जुलाब असतील तर जाऊ नका.

सायकल महागच हवी असे नाही. ब्रेकचे रबर, चेन, टायर आणि हवा तपासा. सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल अगदी खाली असताना गुडघा सरळ झाला, तर उंची बरोबर. सीट खाली असेल, तर गुडघे दुखतात.

पाणी तहान लागेल तसे, पण नियमाने प्या. उन्हात तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर. सगळे साधे पाणीच ढोसू नका, त्याने रक्तातले मीठ कमी होते. एक लिटर पाण्यात ओआरएसची एक पुडी, किंवा सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दर तासाला थोडे खा. केळी, गूळ-शेंगदाणे, भाजी-पोळी पुरते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारून जावे आणि खिशात साखर ठेवावी.

भगिनींनो, थांबे ठरवताना स्वच्छतागृह कुठे आहे, हे आधी विचारा. ते नसले की बाया पाणी पिणेच सोडतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. लांब जाण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. पाळीत चालवायला हरकत नाही, फक्त सुती, कोरडे कपडे आणि बदलायची सोय हवी.

इथे थांबायचेच

छातीत दुखणे. बसूनही न थांबणारा दम. बोलणे असंबद्ध होणे. अंग तापून लाल होणे. पायातली शक्ती जाणे. लघवी चहासारखी होणे. एसएस असलेल्याला ताप किंवा हाडे-सांध्यांत वेदना. यांपैकी एक जरी दिसले, तरी फेरी संपली. १०८ ला फोन करा. उन्हाचा झटका असेल, तर गाडी येईपर्यंत सावलीत झोपवून अंग ओले करा, वारा घाला, मान, काखा आणि जांघांत ओले कपडे ठेवा. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

विहार समितीसाठी

यात्रा काढणार असाल, तर प्रत्येकाचे नाव, घरचा फोन, आजार आणि सुरू असलेले औषध एका वहीत लिहा. ती वही फक्त प्रथमोपचार पाहणाऱ्याकडे ठेवा. पहिला मोठा थांबा केळझरला घ्या, तिथवर साधारण २५ किलोमीटर होतात. बुटीबोरीनंतरचे शेवटचे साधारण ३० किलोमीटर ट्रकच्या गर्दीचे आहेत, तिथे एकेरी रांग करा. समृद्धी महामार्गावर सायकलला परवानगी नाही, तो विचार सोडा. आणि निघण्याआधी सगळ्यांसमोर एक वाक्य बोला: "जो थकेल तो गाडीत बसेल, आणि त्याला कुणी काही म्हणणार नाही."

काही तरुण ६ डिसेंबरला चैत्यभूमीपर्यंत सायकलने जायचे बोलतात. वर्ध्याहून मुंबई रेल्वेनेही ७५० किलोमीटरच्या पुढे आहे. रोज ८० धरले, तरी दहा दिवस. हे करायचे तर मुक्कामाची यात्रा म्हणूनच, गाडी सोबत घेऊन आणि वर्षभर आधी तयारी करून. चार दिवसांत पोहोचून दाखवतो म्हणणाऱ्याला घरच्यांनीच थांबवावे.

विहारात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीतून निघणारी सायकल फेरी चारपैकी कोणत्या प्रकारची आहे? रस्त्यावर ती त्याच प्रकारची राहते का?
२. मधेच थांबणाऱ्याला आपण काय म्हणतो?
३. आपल्या घरात किती जणांची सिकलसेल तपासणी झाली आहे? ज्यांची राहिली, ती कोणत्या दिवशी करणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तारखेसह लिहा. यंदाची फेरी त्या तारखेनंतरच काढा.